कुलूप आणि गिऱ्हाईक

दक्षिण दिल्लीत कालकाजीच्या देवळापासून जवळच नेहरू प्लेस नावाची पेठ आहे. संगणक आणि त्याचे सुटे भाग यांच्या व्यापाराबद्दल तिची ख्याती देशभर आहे. मुंबईकराला जसा लॅमिंग्टन रोड, तशी दिल्लीकराला ही पेठ. विसाव्या शतकाचे अखेरचे दशक आणि या शतकाची पहिली काही वर्षे ज्यांनी येथे पाहिली असतील, त्यांना तेथील फरशीबंद चौकातून चालताना कानाशी येणारा एक दबका आवाज खचित आठवत असेल. "सॉफ्टवेअर, साहब, सॉफ्टवेअर?" असे पुटपुटत एखादा पोरगा शेजारून चालू लागे. त्याच्या हातातील कागदावर एक लांबलचक यादी असे. हिशेबाची आज्ञावली, इमारतींचे नकाशे आखण्याची आज्ञावली, चित्रे, शब्दकोश, खेळ. जगातील बड्या कंपन्यांनी वर्षानुवर्षे खपून तयार केलेली ही मालमत्ता शंभर-दीडशे रुपयांच्या तबकडीवर मिळत असे. अमेरिकेच्या व्यापार-प्रतिनिधीचे कार्यालय चोरट्या मालाच्या कुप्रसिद्ध बाजारांची जी यादी प्रसिद्ध करीत असते, तीत नेहरू प्लेसचे नाव एकाहून अधिक वेळा आलेले आहे.

हा व्यवहार चोरीचा होता की नव्हता, याविषयी कायद्याच्या दृष्टीने संशयाला जागा नाही. आपला प्रताधिकार अधिनियम १९५७ सालचा. १९८४ साली त्यात दुरुस्ती होऊन संगणकाच्या आज्ञावलीला वाङ्मयकृतीच्या सदरात स्थान मिळाले. म्हणजे महाकाव्य, कादंबरी आणि कारखान्यातील पगाराचा हिशेब करणारी आज्ञावली ही कायद्याच्या लेखी एकाच गोत्रातील झाली. आपल्या साहित्य संमेलनांनी या नव्या भावंडाची फारशी दखल घेतल्याचे ऐकिवात नाही, हा भाग निराळा. १९९४ ची दुरुस्ती त्याहून कडक होती. पुस्तकाची चोरटी प्रत घेऊन घरी वाचीत बसणाऱ्या मनुष्याला आपला कायदा गुन्हेगार मानीत नाही. परंतु आज्ञावलीची चोरटी प्रत जाणूनबुजून संगणकावर चालविणाऱ्यासाठी या दुरुस्तीने किमान ७ दिवसांची कैद आणि किमान ५०,००० रुपये दंड अशी तरतूद केली. वापर धंद्यासाठी नसेल तर कैद न देण्याची मुभा तेवढी न्यायालयाला ठेवली.

इतका कडक कायदा असूनही पेठ चालूच राहिली. आज्ञावली विकणाऱ्या कंपन्यांचा बीएसए नावाचा एक संघ आहे. त्याच्या पाहणीप्रमाणे २००३ साली भारतातील संगणकांवर बसविलेल्या दर १०० आज्ञावलींपैकी ७३ विनापरवाना होत्या. २०१७ साली हा आकडा ५६ वर आला होता. आकडे विक्रेत्यांच्या संघाचे, तेव्हा ते थोडे चढते असतील असे मानावयास हरकत नाही. तरीही त्यांतून एवढे दिसते की हा प्रश्न केवळ फौजदारी भाषेत मांडून सुटणारा नाही. त्या तबकड्या घेणारे लोक कोण होते? वास्तुविशारदाच्या हाताखाली काम शिकणारे तरुण, विद्यार्थी, लहान छापखान्यांचे मालक, चार्टर्ड अकाउंटंटच्या कचेरीतील उमेदवार. एरवी वाण्याच्या दुकानातून न विचारता काडेपेटीही न उचलणारी ही माणसे. आज्ञावलीची प्रत काढल्याने मूळ मालकाची वस्तू त्याच्याकडे तशीच राहते, म्हणून मनाला टोचणी लागत नाही, हे एक कारण झाले. दुसरे कारण किंमत. २००० सालच्या सुमारास लेखन-हिशेबाच्या एका संपूर्ण संचाची छापील किंमत सरकारी लिपिकाच्या महिन्याच्या पगाराहून अधिक होती. शिवाय कित्येकांना तर आपण काही चोरटे वापरीत आहोत हेच ठाऊक नसे. दुकानदार संगणक जोडून देताना सगळे काही आत घालून देत असे, आणि गिऱ्हाईकाला वाटे की दुधाबरोबर साय यावी तसे ते संगणकाबरोबरच येते.

कंपन्यांची तक्रार मात्र या पेठेहून जुनी आहे. १९७६ साली बिल गेट्स या वीस वर्षांच्या तरुणाने संगणकाच्या हौशी मंडळींना उद्देशून एक अनावृत पत्र लिहिले. आपण व आपल्या सहकाऱ्यांनी तयार केलेली आज्ञावली वापरणारे पुष्कळ, पण विकत घेणारे दहा टक्क्यांहूनही कमी, तेव्हा असले काम पुढे कोणी कशासाठी करावे, असा त्याचा सवाल होता. सवाल खोटा नव्हता. त्याला कंपन्यांनी पुढल्या काळात जे उत्तर शोधले, ते कुलुपाचे. मूळ तबकडी संगणकात घातल्यावाचून आज्ञावली चालू व्हावयाची नाही, अशी योजना १९८० च्या दशकात लोटस १-२-३ सारख्या नामांकित आज्ञावलींत होती. तबकडी झिजली की गिऱ्हाईकाचे काम खोळंबे. पुढे लांबलचक परवलीचे आकडे आले, आणि २००१ साली विंडोज एक्सपीबरोबर कंपनीकडे नोंद करून आज्ञावली जागी करण्याची पद्धत घरोघर पोहोचली.

या कुलुपांच्या इतिहासातील एक प्रकरण आपल्या शेजारचे आहे. १९८६ साली लाहोर येथे बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोघा बंधूंनी, आपल्या वैद्यकीय आज्ञावलीच्या चोरट्या प्रती काढणाऱ्यांना अद्दल घडावी म्हणून, तबकडीवरून तबकडीवर पसरणारी एक लहानशी आज्ञावली लिहिली आणि तीत स्वतःचे नाव, दुकानाचा पत्ता व दूरध्वनी क्रमांकही घातले. ती अमेरिकेपर्यंत पोहोचली. आयबीएम जातीच्या संगणकावरील पहिला विषाणू म्हणून 'ब्रेन' या नावाने तिची नोंद आहे. म्हणजे ज्या रोगाने पुढे जगभरच्या संगणकांना पछाडले, त्याचा उगम चोरापासून माल राखण्याच्या खटपटीत झाला. एकमेकांच्या तबकड्या वापरण्याच्या आपल्या सवयीमुळे तो रोग येथेही फोफावला, आणि त्यावर औषध देण्याचा धंदा पुण्यात उभा राहिला. कैलास काटकर हे गणकयंत्रे दुरुस्त करीत. त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी १९९० च्या दशकात विषाणूनाशक आज्ञावली लिहिली, ती क्विक हील. तिलाही अर्थात परवलीचा आकडा आहेच.

आता मराठी मनुष्याला अधिक जवळच्या गोष्टीकडे वळतो. संगणकावर देवनागरी उमटविण्याचे काम ज्यांनी आरंभी केले, त्यांत पुण्याचा वाटा मोठा. श्रीलिपी, आकृती आणि सी-डॅकची आयएसएम ही नावे महाराष्ट्रातील कोणत्याही अक्षरजुळणी करणाऱ्याला पाठ असतात. अशा आज्ञावलींपैकी पुष्कळांच्या बरोबर एक लहानशी डबी येत असे. तिला डाँगल म्हणत. छपाईयंत्र जोडावयाच्या खोबणीत ती लावली म्हणजे मराठी उमटे, काढली म्हणजे मराठी बंद. हे झाले पहिले कुलूप. दुसरे कुलूप दिसत नसे आणि ते बहुधा कोणी हेतुपूर्वक घातलेलेही नव्हते. प्रत्येक कंपनीने आपापल्या अक्षरांना आपापले सांकेतिक क्रमांक दिलेले होते. त्यामुळे एका कंपनीच्या टंकात लिहिलेला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर उघडला की 'महाराष्ट्र' या शब्दाच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी दिसे. आज्ञावली कंपनीची हे कोणीही मान्य करील. पण तिच्यात लिहिलेले पत्र, कविता, ठराव, इतिवृत्त हे तर लिहिणाऱ्याचे? तेही त्या डबीच्या स्वाधीन झाले. पुण्यात राहणाऱ्याला याची झळ कमी लागे, कारण गल्लीत दुसरा जुळारी होता. दिल्लीसारख्या ठिकाणी एखाद्या मराठी मंडळाने गणेशोत्सवाची स्मरणिका काढावी आणि पुढील वर्षी तोच मजकूर पुन्हा हवा व्हावा, तर ज्या एका छापखान्यात ती डबी होती तो गाठावा लागे. आणि तो बंद झालेला असला तर सारे पहिल्यापासून.

मी ज्या एका कार्यालयात काही वर्षे होतो, तेथे देवनागरीसाठी असा एक संच रीतसर निविदा काढून, पावतीनिशी घेतलेला होता. डबी ही मौल्यवान वस्तू असल्यामुळे तिची नोंद साठ्याच्या वहीत झाली, आणि नोंद झालेली वस्तू हरवू नये म्हणून भांडारपालाने ती कपाटात कुलूपबंद ठेविली. कुलपाला कुलूप! टंकलेखकाने सकाळी सही करून ती घ्यावयाची आणि संध्याकाळी सही करून परत करावयाची. काही वर्षांनी संगणक बदलले. नव्या यंत्रांना छपाईयंत्राची ती जुनी रुंद खोबणच नव्हती. विक्रेत्याला पत्र लिहिले; त्याचे उत्तर आले की जुन्या डबीच्या बदली नवी मिळत नाही, नवा संच घ्यावा. नव्या संचासाठी त्या वर्षी तरतूद नव्हती. पंधरा दिवसांनी पाहतो तो टंकलेखक निर्वेधपणे काम करीत आहे. डबीवाचून चालणारी, कुलूप मोडलेली प्रत त्याने कोठून तरी आणली होती. ती कोठून आणली हे त्याने सांगितले नाही, आणि संगणक विभागाने येऊन ती काढून टाकली तेव्हा त्याने मला एवढेच विचारले, "साहेब, आपण पैसे भरले होते ना?"

त्या प्रश्नात या विषयाचे सारे मर्म आहे असे मला वाटते. ज्याने पैसे भरले नाहीत त्याला नेहरू प्लेसमध्ये कुलूप आधीच मोडून मिळत होते. त्याला कुलपाचा उपसर्ग कधी झालाच नाही. डबी सांभाळणे, आकडे भरणे, यंत्र बदलले की परवानगीसाठी आर्जवे करणे ही सारी दगदग पावती असलेल्या गिऱ्हाईकाच्या वाट्याला आली. चोरटी प्रत नुसती स्वस्त नव्हती. ती वापरावयास अधिक सोयीची होती. प्रामाणिक मालापेक्षा चोरीचा माल गुणाने सरस ठरावा, अशी स्थिती ज्या धंद्याने स्वतःच्या हाताने निर्माण केली, त्याने गिऱ्हाईकाच्या नीतिमत्तेवर सारा भार टाकणे न्याय्य नव्हे.

मात्र यावरून कुलूप लावणारे सारेच लोभी होते, असे म्हणणे त्याहून अन्यायाचे होईल. देवनागरीचा एक टंक सिद्ध करावयाचा म्हणजे नुसते स्वर-व्यंजन काढून भागत नाही. 'क्ष', 'ज्ञ', 'द्ध', 'ष्ट्र', रफार, ऱ्हस्व-दीर्घ मात्रांच्या जागा, मराठी वळणाचा 'ल' आणि 'श', अशा कित्येक शेकडा आकृती हाताने काढून, एकमेकांशेजारी ठेवून, पुन्हा पुन्हा तपासाव्या लागतात. हे काम महिन्यांचे, कधी वर्षांचे. इंग्रजी आज्ञावलीच्या कंपनीला दिल्लीत बुडालेले पैसे लंडन-न्यूयॉर्कमध्ये भरून काढता येतात. मराठीच्या टंककाराला महाराष्ट्राबाहेर बाजार तो कितीसा? त्याची एक प्रत विकली जाऊन दहा छापखान्यांत फिरली, तर नऊ गिऱ्हाइके गेली ती कायमची. बड्या कंपनीची चोरी आणि लहान भाषेच्या कारागिराची चोरी या दोहोंना एकच कलम लागू होते, पण दोहोंचा परिणाम एक नाही, ही गोष्ट नेहरू प्लेसच्या यादीवरून बोट फिरविणाऱ्याच्या ध्यानी क्वचितच येते. आपल्या कित्येक चोखंदळ मराठी प्रकाशनांतही टंकाचा परवाना आहे की नाही, हे कोणी विचारीत नसे.

कायद्याने या दोन बाजूंमध्ये जो तोल राखण्याचा प्रयत्न केला आहे, तो आपल्याकडे पुरेसा माहीत नाही. आज्ञावलीची रीतसर प्रत ज्याच्याकडे आहे त्याने ती नष्ट होण्याच्या वा बिघडण्याच्या भयाने राखीव प्रत काढली, तर आपल्या कायद्याप्रमाणे तो अपराध नाही. पुढे २०१२ साली कुलूप मोडण्याविषयी ६५ अ हे नवे कलम आले. अमेरिकेने १९९८ साली जो कायदा केला, त्यात काही अपवाद सोडता कुलूप मोडणे हाच दोष मानला आहे. आपल्या संसदेने शब्द निराळे योजिले. प्रताधिकाराचा भंग करण्याच्या हेतूने कुलूप मोडले, तरच तो आपल्याकडे गुन्हा. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. कायद्याने ज्याला मनाई केलेली नाही अशा कामासाठी, किंवा सांकेतिक लिपीच्या संशोधनासाठी कुलूप उघडणाऱ्याला त्याच कलमात वाट ठेविली आहे. कुलूप उघडणारा प्रत्येक मनुष्य चोर असतो, असे आपल्या कायद्याने गृहीत धरलेले नाही. मात्र ही वाट सामान्य माणसाच्या कामी येण्यासाठी कुलूप उघडता यावे लागते, आणि ती विद्या ज्याला अवगत असते तो बहुधा पेठेतला तो पोरगाच.

दुसरा एक गुंता असा की आपण जे विकत घेतो ते नेमके काय, यावरच एकमत नाही. गिऱ्हाईक म्हणते, मी वस्तू घेतली. कंपनी म्हणते, वस्तू आमचीच, तुला फक्त वापरण्याची परवानगी दिली. हा वाद करआकारणीच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तबकडीवर घालून बाजारात विकली जाणारी तयार आज्ञावली ही विक्रीकराच्या दृष्टीने 'माल' होय, असा निर्णय २००४ साली टाटा कन्सल्टन्सीच्या खटल्यात झाला. २०२१ साली आयकराच्या एका प्रकरणात न्यायालयाने सांगितले की अशी आज्ञावली घेणाऱ्याला प्रताधिकार मिळत नाही, तर प्रताधिकाराने रक्षिलेली एक प्रत मिळते; पुस्तक घेणाऱ्याला पुस्तक मिळते, ते छापण्याचा हक्क मिळत नाही, तसे. सामान्य माणसाची समजूत यापेक्षा निराळी कधीच नव्हती.

मराठीपुरता कुलपांचा प्रश्न पुष्कळसा सुटला, तो धाडींनी सुटला नाही. युनिकोड या जागतिक संकेतात देवनागरीला १९९१ साली जागा मिळालेली होती. विंडोज २००० पासून 'मंगल' हा टंक संगणकाबरोबरच येऊ लागला. तो रेखाटणारे र. कृ. जोशी हे कवी, सुलेखनकार आणि देवनागरी अक्षरासाठी आयुष्य वेचणारे मराठी गृहस्थ. ते २००८ साली निवर्तले. २००५ साली केंद्र सरकारने प्रथम तमिळ आणि मागाहून हिंदी टंकांच्या व आज्ञावलींच्या तबकड्या लोकांना विनामूल्य वाटण्यास आरंभ केला, आणि पुढे इतर भाषांची पाळी आली. अलीकडे मुंबईच्या एक टाइप या संस्थेने 'मुक्त' आणि 'बलू' यांसारखे टंक कोणीही वापरावेत अशा परवान्याने खुले केले आहेत. येथे कारागिराला मोबदला मिळत नाही असे नाही. तो प्रत प्रत विकून न मिळता कोणी कंपनी वा सरकार एकरकमी देते, एवढाच फरक. साध्या पत्रव्यवहारासाठी मराठीत चोरटा टंक वापरण्याचे कारणच त्यामुळे उरले नाही. छापखाने मात्र बराच काळ जुन्यालाच धरून राहिले, कारण पानांची मांडणी करणाऱ्या त्यांच्या जुन्या आज्ञावलींना युनिकोड कळत नव्हता. आणि त्या जुन्या टंकांत अडकलेला मजकूर सोडविण्याचे काम कोठे कोठे आजही चालू आहे.

नेहरू प्लेसच्या चौकातील तो दबका आवाजही आता थांबला आहे. तबकड्याच राहिल्या नाहीत. आज्ञावली हल्ली तारेवरून येते आणि तिचे पैसे वर्गणीसारखे दरमहा वा दरसाल द्यावयाचे असतात. त्यामुळे चोरी कमी झाली असेल. पण कुलपाची किल्ली मात्र आता पूर्वीपेक्षा अधिक दूर, कंपनीच्या स्वतःच्या यंत्रांत गेली आहे. याचा अर्थ काय, हे जुलै २०२५ मध्ये दिसून आले. गुजरातेत वाडीनार येथे तेलशुद्धीकरणाचा मोठा कारखाना असलेली नायरा एनर्जी ही कंपनी; रशियातील रोसनेफ्टचा तिच्यात मोठा हिस्सा. युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध घातले, आणि थोड्याच दिवसांत मायक्रोसॉफ्टने तिच्या टपालाच्या व इतर सेवा बंद केल्या. पैसे भरलेले होते. चोरीचा काही संबंध नव्हता. भारताने स्वतः ते निर्बंध मान्य केलेले नव्हते. नायरा दिल्ली उच्च न्यायालयात गेली. जुलै संपण्यापूर्वी सेवा पूर्ववत झाल्या आणि कंपनीने आपला अर्ज मागे घेतला, त्यामुळे मूळ प्रश्नावर न्यायालयाला निर्णय देण्याचा प्रसंगच आला नाही. पूर्वी कंपनी म्हणे, गिऱ्हाइकाचा भरवसा काय? तोच प्रश्न आता गिऱ्हाईक कंपनीला विचारू लागले आहे.

सरकारी कार्यालयांपुरते बोलावयाचे तर केंद्र सरकारने २०१५ साली खुल्या आज्ञावलींना प्राधान्य देण्याचे धोरण स्वीकारले आहे. परंतु सगळीकडे ते शक्य होत नाही, आणि खरेदी करावीच लागते. माझ्या माहितीच्या एका कार्यालयाने अलीकडे दस्तऐवज सांभाळण्याची आज्ञावली घेताना निविदेत दोन कलमे घातली: करार संपला तरी आमचे सर्व कागद अन्य कोणत्याही आज्ञावलीत उघडता आले पाहिजेत, आणि नव्वद दिवसांची लेखी सूचना दिल्यावाचून सेवा थांबविता येणार नाही. तीन विक्रेत्यांनी दर भरले. दोघांनी दुसरे कलम गाळावे अशी विनंती केली. तिसऱ्याने दोन्ही कलमे मान्य केली आणि त्याबद्दल दर पाचव्या हिश्शाने वाढवून मागितला. लेखा विभागाने विचारले आहे की हा जादा खर्च कोणत्या शीर्षाखाली दाखवावयाचा.